कपाटकरांचे नियम

कपाटकर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा दिसले नाहीत. नुसते ऐकू आले, आणि तेही कपाटातून.

आम्ही त्या इमारतीत नुकतेच राहायला आलो होतो. सामानातला शेवटचा डाग वर चढतो न चढतो तोच स्वयंपाकघरातल्या नळानं बंद व्हायला साफ नकार दिला. बायकोनं नळाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला आणि मला म्हणाली, "खालच्यांकडे पाना मिळतो का बघा. सावकाश या, मी कुठे जात नाही." हे 'सावकाश' कोणत्या सुरात होतं ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

मी खालच्या मजल्यावरची घंटा वाजवली. एका उंच, काठीसारख्या ताठ म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. त्यांनी एक बोट ओठांवर ठेवलं, दुसऱ्या बोटानं खुर्ची दाखवली, आणि मी बसलो. शिट्टीवाल्या माणसानं बस म्हटलं की आमच्या पिढीची माणसं बसतात.

खोलीत टेबलाच्या दिव्याखाली एक बाई मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे ताटलीत दात होते. एखाददुसरा नव्हे, एका मध्यम आकाराच्या लग्नातल्या सगळ्या वऱ्हाडाला पुरतील इतके. त्या चिमट्यानं एकेक दात उचलत, दिव्यासमोर धरत आणि त्याच्याकडे सासूच्या नजरेनं बघत. उरलेली खोली एका कपाटानं व्यापली होती. कपाट असं अवाढव्य, की आधी ते ठेवून मग भोवती इमारत बांधली असावी. आणि तेवढ्यात कपाट बोललं.

"मग त्या सातशे सैनिकांचं तुम्ही काय केलंत?"

आवाज खोल होता, मऊ होता. ऐकणाऱ्याला वाटावं की काळजीचं काही कारण नाही, सगळं नीट होणार आहे. सैनिकांचं मात्र नीट झालं नसावं, कारण थोडं थांबून कपाट म्हणालं, "सगळेच्या सगळे उपाशी मारले? एका हिवाळ्यात? वा, वा."

बाईंनी मान वर केली नाही. म्हाताऱ्या गृहस्थांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मी जिभेनं माझे दात मोजले.

"आणि राणी?" कपाटानं विचारलं. "विकून टाकली. छान. मला ते फार आवडलं."

नळावर अंगठा धरून उभी असलेली माझी बायको माझ्या डोळ्यांसमोर आली. ती तशीच उभी राहणार, आणि इकडे माझे दात ताटलीत जाणार. मी पळायच्या बेतात उठलो, तोच कपाटाच्या आतून तीन वेळा टकटक झाली. बाई चिमटा हातात घेऊन उठल्या आणि त्यांनी बाहेरची कडी काढली. दार उघडलं. आतून एक किडकिडीत, चष्मा घातलेला, घामानं निथळणारा माणूस बाहेर आला. अंगात बनियन, कानांवर हेडफोन, आणि खांद्याला एक हँगर अडकलेला.

"नमस्कार," तो त्याच आवाजात म्हणाला. "पाना हवा असेल. वरचा नळ नेहमीच जातो."

पुढे सगळा उलगडा झाला. हे गृहस्थ पॉडकास्ट चालवत. बोर्ड गेम, म्हणजे टेबलावर पट मांडून फाशांनी आणि पत्त्यांनी खेळायचे जे खेळ असतात, ते रचणाऱ्या लोकांच्या मुलाखती ते घेत. कार्यक्रमाचं नाव 'डाव कुणाचा'. दर शनिवारी एक भाग. घरात आवाज घुमतो म्हणून ते कपाटात, लोंबणाऱ्या कोटांच्या आणि साड्यांच्या मध्ये स्टुलावर बसून बोलत. पाहुणा बहुतेक वेळा दूर कुठेतरी आपल्या घरी, कॉम्प्युटरपाशी. आतल्या खोलीच्या दारातून कपाट जाईना, म्हणून ते बसायच्या खोलीतच राहिलं. फरशी थोडी उतरती असल्यामुळे त्याचं दार आपोआप उघडायचं, म्हणून बाहेरून कडी लावावी लागे. मुलाखत संपली की आतून टकटक, मग कुणीतरी उठून कडी काढायची. इमारतीतल्या लोकांनी ह्या सगळ्याचा विचार करून त्यांना 'कपाटकर' हे नाव बहाल केलं होतं. ते त्यांनी निमूटपणे स्वीकारलं होतं.

टेबलाशी बसलेल्या बाई म्हणजे कपाटकरांच्या बायको, आमच्या वहिनी. दात वहिनींचे होते, म्हणजे वहिनींच्या कामाचे. त्या एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवत. रंग न जुळलेले दात फेकून देण्यापेक्षा घरी आणत. शिट्टीवाले वहिनींचे वडील, कपाटकरांचे सासरे. आयुष्यभर मैदानावर पंचगिरी केलेली. मैदान सुटलं तरी शिट्टी सुटली नव्हती.

कपाटकरांचा आवाज असा का, ह्यालाही कारण होतं. पोटासाठी ते लिफ्टच्या एका कंपनीत मदतकक्षात बसत. लिफ्ट मध्येच अडकली आणि आतल्या माणसानं लाल बटण दाबलं, की इकडे कपाटकरांच्या कानात घंटा वाजे. मिस्त्री निघून तिथे पोचेपर्यंत त्या माणसाला बोलतं ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. "घाबरू नका. दीर्घ श्वास घ्या. माणूस निघालाय. तोवर आपण गप्पा मारू. तुम्ही काय करता?" हे चार शब्द त्यांनी इतक्या अडकलेल्यांना ऐकवले होते की घरी भाजी आणायला निघतानाही ते त्याच सुरात "मी निघालोय" म्हणत. स्वतः मात्र ते कुठल्याही इमारतीत जिन्यानंच चढत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "हलवाई कधी पेढा खाताना दिसतो का?"

त्यांचा पहिला पाहुणा लिफ्टमधलाच. एक वयस्क गृहस्थ दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. "तुम्ही काय करता?" ह्या प्रश्नाला त्यांनी "मी खेळ रचतो" असं उत्तर दिलं, आणि मिस्त्री येऊन दार उघडून उभा राहिला तरी दोघांचं बोलणं संपेना. मिस्त्री कंटाळून म्हणाला, "साहेब, बाहेर या, नाही तर मी परत लावून घेतो." कपाटकर मला म्हणायचे, "माझा पहिला पाहुणा जाऊ शकत नव्हता. तेव्हा मला वाटलं, मला मुलाखत घेता येते."

आता खेळाबद्दल. तो नसता तर मी हे लिहायलाच बसलो नसतो.

कपाटकर रात्री जेवताना दिवसभरातल्या अडकलेल्यांच्या गोष्टी सांगत. त्या ऐकता ऐकता वहिनींनी एक खेळ तयार केला. पुठ्ठ्यावर सात मजल्यांची इमारत काढली, औषधाच्या खोक्याची लिफ्ट केली आणि टाकाऊ दात रंगवून त्यांचे उतारू केले. दाढा म्हणजे जाडे उतारू. खेळाचं नाव 'वर-खाली'. लिफ्ट सगळ्यांची मिळून एकच. आपल्या पाळीला आपण ती वर तरी न्यायची, नाही तर खाली. जिथे थांबेल तिथे जो उभा असेल त्याला आत घ्यायचं, मग तो आपला असो की वैऱ्याचा. लिफ्ट भरली असेल तर आधी एकाला उतरवायचं. ज्याचे सगळे दात आधी घरी पोचले तो जिंकला. झाले पाच नियम. चहा निवायच्या आत डाव संपायचा, आणि संपला की आणखी एक खेळावासा वाटायचा. पंच सासरेबुवांनीसुद्धा त्यात कधी शिट्टी वाजवली नव्हती, कारण वाजवायला जागाच नव्हती.

हा खेळ खोक्यात घालून दुकानात आला पाहिजे असं दोघांना वाटू लागलं. ते कसं करतात हे जाणकारांना विचारावं म्हणून कपाटकरांनी पॉडकास्ट सुरू केला. लिफ्टवाले गृहस्थच पहिल्या भागात आले. त्यांनी खेळाचं वर्णन ऐकलं आणि म्हणाले, "झकास आहे. एक करा. लिफ्ट भरली की ती अडकू द्या. आणि ती सुटेपर्यंत आतल्यांच्या मालकांनी एकमेकांशी बोलायचं." कपाटकर इतके खूश झाले की त्यांनी माइकवरच जाहीर करून टाकलं. यापुढे प्रत्येक पाहुणा जाता जाता आमच्या खेळाला एक नियम देऊन जाईल. जो देईल तो घेतला जाईल, हा माझा शब्द. आणि खेळ पुरा झाला की हा कार्यक्रमही संपेल.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या पाहुण्यानं युद्धाचे खेळ रचले होते. त्यानं लिफ्टला वेढा घालायची सोय केली. तिसऱ्या बाई बागांचे खेळ करत. त्यांनी गच्चीवर झाडं लावली आणि ती जगवायची जबाबदारी तिसऱ्या मजल्यावर टाकली. एकानं पूर आणला. एक मितभाषी गृहस्थ म्हणाले, लिफ्टमध्ये असताना कुणी बोलू नये. आता पहिल्या गृहस्थांचा नियम बोला म्हणणारा. कपाटकरांनी तोड काढली, मनातल्या मनात बोलायचं. एका तरुणीचं म्हणणं, सगळ्यांनी मिळून जिंकावं. पुढच्याच आठवड्यातल्या पाहुण्याचं म्हणणं, एकानं तरी मेलंच पाहिजे. तेव्हा असं ठरलं की सगळे मिळून जिंकतील, पण त्यातला एक मेलेला असेल. एकदा जुळे भाऊ आले. शब्द माणशी दिलेला असल्यामुळे त्यांचे दोन नियम घ्यावे लागले, आणि ते आपसांत भांडत होते.

मी म्हटलं, "अहो कपाटकर, ह्यातले चार गाळा. कुणाला कळतंय?"

"त्यांना कळतंय," कपाटकर म्हणाले.

आणि ते खरं होतं. श्रोते किती असं कुणी विचारलं की ते 'वाढताहेत' म्हणत. वाढत होतेच, दर आठवड्याला एकानं. तो म्हणजे त्या आठवड्याचा पाहुणा. मुलाखत देऊन गेलेला प्रत्येक जण पुढचे सगळे भाग ऐके, आपला नियम शाबूत आहे की नाही ते बघायला. एका रविवारी माझ्यासमोरच फोन आला. वेढेवाले होते.

"काल तुम्ही नियमांची उजळणी केलीत, त्यात माझा वेढा आला नाही."

"आला असता, वेळ संपली," कपाटकर म्हणाले.

"पुराला वेळ होता."

"पूर आधीचा होता हो."

"पूर माझ्या नंतरचा. मी ऐकत असतो, बरं का."

फोन ठेवल्यावर कपाटकर कपाळाला हात लावून बसले. वहिनी ताटलीतले दात घासता घासता म्हणाल्या, "जावई पाहुणे घरी आले तर निदान जेवून जातात. हे नियम देऊन जातात आणि वर तपासायला फोन करतात."

दर रविवारी दुपारी ह्या वाढलेल्या खेळाची चाचणी होई. चार खेळाडू लागत म्हणून मला खालून बोलावणं येई. आधी सासरेबुवा उभे राहून सगळे नियम वाचून दाखवत. तोवर चहा होई. मग एकेकाची पाळी. पट वाढत वाढत टेबलावरून उतरून जमिनीवर आला होता आणि कपाटाच्या पायाला टेकला होता. माझा दात एकदा दुसऱ्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरला. तो तिथेच असताना आमच्या पुतण्याचं लग्न ठरलं, झालं, आणि ते जोडपं आमच्याकडे भेटूनही गेलं.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "माझी दाढ किती रविवार झाले तळमजल्यावर उभी आहे. एवढ्यात माणूस जिन्यानं पोचला असता."

"जिना एक्केचाळिसाव्या नियमानं बंद आहे," कपाटकर म्हणाले.

"कुणी बंद केला?"

"ते चक्रव्यूहवाले नव्हते का, फार सज्जन गृहस्थ."

"सज्जन आहेत, मग त्यांच्याच घरी जाऊन उभी राहू दे ती."

सासरेबुवांनी शिट्टी वाजवली. पाळी नसताना बोलल्याबद्दल वहिनींचा एक मजला गेला. त्या उठून आत गेल्या. आतून त्यांच्या जुन्या पत्र्याच्या डब्याचा आवाज आला. त्या डब्यात पाच नियमांचा मूळ खेळ होता. तो त्या कधी कधी संध्याकाळी वडिलांबरोबर खेळत, कपाटकर कपाटात असताना.

कपाटकर मूर्ख नव्हते. एका संध्याकाळी जिन्यात भेटले. कामावरून येत होते. दोन पायऱ्यांवर टेकून बसले आणि म्हणाले, "लिफ्ट अडकली की माणूस पहिल्यांदा काय करतो, ठाऊक आहे? सगळी बटणं दाबतो. एकदा, दोनदा, मग बुक्की मारून. त्यानं काही होत नाही, पण हाताला काम मिळतं. मग दमतो, आणि मग लाल बटण दाबून मला फोन करतो." चष्मा काढून पुसला. "मी अजून आधीच्याच बटणांवर आहे. प्रत्येक भागाला वाटतं, ह्या पाहुण्याच्या नियमानं सगळे धागे जुळतील. आणि तो म्हणतो, लिफ्टमध्ये एक घोडा घाला."

"घाला म्हणाला म्हणून घालायचा?"

"शब्द दिलाय ना."

"मग कार्यक्रम बंद करा."

"खेळ पुरा झाल्याशिवाय कसा बंद करू? तसं जाहीर केलंय. आणि कार्यक्रम चालू असेपर्यंत खेळ पुरा कसा होणार?" ते उठले. "दुसऱ्यांना सांगायला बरं असतं, माणूस निघालाय. माझ्याकडे कुणी निघालंय का ते विचारायला नंबर नाही."

कुणीतरी निघालं होतं, पण ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. एक पुठ्ठेवाल्या बाई. त्यांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. खोकी पडून राहतात, आत काहीतरी घालावं, म्हणून त्यांनी खेळ काढायला सुरुवात केली, आणि त्यांचे खेळ खोक्यांहून जास्त खपू लागले. वर्षाला त्या एकच नवा खेळ काढत. यंदाचा ठरवायच्या आधी 'वर-खाली' बघून जाते, असा त्यांचा निरोप आला. येतेच आहे तर मुलाखतही देते, असंही त्या म्हणाल्या. हे वर्ष गेलं तर पुढच्या वर्षीचा खेळ त्यांच्याकडे आधीच ठरलेला होता. म्हणजे खेळाचं खोकं होणार की डबाच राहणार हे त्या रविवारी ठरायचं होतं. कपाटकरांनी आठवडाभर झोपेतही नियम म्हटले, असं वहिनींनी सांगितलं.

बाई आल्या. ठेंगण्या, गोल, बोलायला रोखठोक. चपला काढतानाच म्हणाल्या, "मी खोक्याच्या मापानं विचार करते. झाकण लागलं पाहिजे." मग त्यांनी जमिनीवर पसरलेला पट बघितला आणि भिंतीला धरून कडेकडेनं आत आल्या.

सासरेबुवांनी नियम वाचले. चहा झाला. आम्ही खेळू लागलो. पूर आला, ओसरला, झाडांना पाणी घातलं, घोडा लिफ्टमध्ये मावला नाही म्हणून त्याची पाळी पुढे ढकलली. बराच वेळ गेल्यावर बाईंनी विचारलं, "पहिली पाळी संपली का?"

"पहिल्या पाळीची तयारी संपली," कपाटकर म्हणाले.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. कपाटकरांनी ते बघितलं. "असं करू," ते घाईघाईनं म्हणाले, "पाय मोकळे होतील, तोवर मुलाखत उरकून घेऊ." दुसरा माइक बाईंच्या हातात दिला, वायर दाराखालून आत घेतली आणि स्वतः कपाटात शिरले. पट आड येत असल्यानं दार नीट लागेना. सासरेबुवांनी खांदा लावून ते रेटलं आणि कडी ठोकून बसवली.

मुलाखत चांगली झाली. खोक्याच्या कोपऱ्यांबद्दल इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. शेवटी आतून टकटक झाली. सासरेबुवांनी कडी ओढली. मग जोर लावून ओढली. मग ठक्‌ असा आवाज झाला.

"अगं, टकटक केली मी," आतून कपाटकर म्हणाले.

"ऐकली," वहिनी म्हणाल्या. "कडीची मूठ हातात आली. कडी तशीच रुतलीय."

"कुणाच्या?"

"बाबांच्या."

"मी नियमाप्रमाणेच ओढली," सासरेबुवा म्हणाले.

मी कोपऱ्यावरच्या सुताराला फोन लावला. तो म्हणाला, येतो, हातातलं टेबल संपवून येतो. इकडे आतून हँगर पडल्याचा आवाज आला, मग दाराला धक्का बसला, मग आणखी एक. बटणं दाबणं सुरू झालं होतं. वहिनी कपाटाशी गेल्या आणि दाराला तोंड लावून अगदी संथ सुरात म्हणाल्या, "घाबरू नका. दीर्घ श्वास घ्या. माणूस निघालाय."

"हे माझं वाक्य आहे," कपाटकर म्हणाले.

"हो. तुम्ही म्हणता तेव्हा लोक ऐकतात म्हणे."

आतले धक्के थांबले. आता पाहुण्या बाईंना नुसतं कसं बसवायचं, म्हणून वहिनींनी डबा काढला. बाईंनी विचारलं, "हे काय?"

"हे जुनं. पाचच नियमांचं. सुतार येईपर्यंत."

आम्ही चौघं टेबलाशी बसलो. दोन वाक्यांत बाईंना खेळ कळला. तिसऱ्या पाळीला त्यांनी सासरेबुवांची दाढ लिफ्टमधून सातव्या मजल्यावर उतरवली आणि हसल्या. सासरेबुवा शिट्टीला हात घालून पुन्हा काढून घेऊ लागले.

"कुठे आहे लिफ्ट?" आतून आवाज आला.

"सातव्यावर."

"तिथे वेढा पडेल."

"इथे वेढा नाही."

"मग पुराचं काय?"

"पाणीच नाही हो," वहिनी म्हणाल्या. "कोरडं आहे सगळं."

मग कपाटकरांनी विचारलं, "जिंकतंय कोण?" आणि हा आवाज कार्यक्रमातला नव्हता, लिफ्टवालाही नव्हता. जरा बारीक होता, घाईचा होता. मी तो आधी ऐकलाच नव्हता.

"बाबा. त्यांचा एकच राहिलाय, तोही लिफ्टमध्ये. चौथ्यावर माझा उभा आहे."

"लिफ्ट भरलेली आहे का? मग बाईंना चौथ्यावर थांबायला सांग. म्हणजे एकाला उतरवावं लागेल. बाबांना उतरवा."

"ही फितुरी आहे," सासरेबुवा कपाटाला म्हणाले.

"बाबा, तुम्ही मला कोंडलंय. मी काहीही करीन."

बाईंनी सासरेबुवांना उतरवलं. कपाटातून टाळी ऐकू आली. ह्या भरात दुसरा डाव झाला, मग तिसरा. आत बसलेला माणूस एकही दात न बघता खेळत होता, आणि बाहेरच्या आम्हा सगळ्यांहून जास्त हसत होता. तिसरा डाव वहिनींनी जिंकला तेव्हा बाईंनी सगळे दात डब्यात भरले, झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"हा मी घेते," त्या म्हणाल्या.

कपाटानं सावकाश विचारलं, "आणि बाकीचे नियम?"

"बाकीच्यांना माझ्याकडे खोकं नाही."

"पण मी शब्द दिलाय. जाहीर दिलाय. ते सगळे ऐकतात."

बाईंनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी डबा मांडीवर घेतला. "शब्द तुम्ही दिलात," त्या दाराकडे बघत म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दात माझे आहेत."

तेवढ्यात सुतार आला. त्यानं दोन ठोके मारून दार मोकळं केलं. कपाटकर घामेजलेले, डोळे मिचकावत बाहेर आले. त्यांनी डब्याकडे बघितलं, जमिनीवरच्या पटाकडे बघितलं आणि दोन्हींच्या मधल्या जागेत उभे राहिले. वहिनींनी त्यांच्या खांद्यावरचा हँगर काढला. मला वाटलं, आता हा माणूस सुटला. बाई चपला घालत होत्या.

"बाई," कपाटकर म्हणाले, "मुलाखतीतलं शेवटचं राहिलं. तुमचा नियम."

"झाकण लागलं पाहिजे," बाई म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

कपाटकरांनी तो लिहून घेतला.

'वर-खाली' त्याच वर्षी दुकानात आला. खोक्यावर वहिनींचं नाव आहे. कपाटकरांचं मागच्या बाजूला, आभारांत. त्यांनी पुढच्या शनिवारी जाहीर केलं की हा खेळ आमच्या हिचा असून माझा अजून व्हायचा आहे, आणि कुणाचाही नियम गळालेला नाही. वेढेवाल्यांचा अभिनंदनाचा फोन आला. खेळ चांगला खपतो. कार्यक्रम चालू आहे. सुतारानं कपाटाला नवी कडी बसवली आहे, ती आतूनही उघडते. मुलाखत संपली की कपाटकर तीन वेळा टकटक करतात आणि कुणीतरी उठून येईपर्यंत आत बसून राहतात.